स्वभाव कुणाचा, जबाबदारी कुणाची?



दत्तप्रभूंच्या कोणत्याही तसबिरीत चार कुत्री असतातच. मागे कामधेनू, डोक्यावर औदुंबर आणि पायाशी ही चौघं. लहानपणी आजीला विचारलं होतं की ही कुत्री कशाला, तेव्हा तिने सांगितलं, ते चार वेद. पुढे कीर्तनात, प्रवचनात हेच ऐकत आलो. वेद देवाच्या मागोमाग चालतात, म्हणून श्वानरूप. अर्थ सुंदर आहे यात शंका नाही. पण त्याची एक गंमत अशी झाली, की तसबिरीतल्या कुत्र्याला आपण वेद म्हणून हात जोडतो आणि देवळाच्या पायरीवरच्या कुत्र्याला "हाड!" म्हणून पाय उगारतो. अलीकडच्या छापील तसबिरींत तर एखादं कुत्रं चक्क अल्सेशियनसारखं दिसतं. चित्रकारालाही गावठी नको असावं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी येथपासून ते अजगर, हत्ती, हरीण, मासा, कोळी, मधमाशीपर्यंत. त्यात कुत्रा नाही. मी यादी दोनदा ताळून पाहिली. बँकेत जन्म गेला, याद्या ताळून पाहण्याची सवय सुटत नाही. जो पायाशी बसतो तोच गुरूंच्या यादीत नाही, हे का, यावर विद्वानांनी लिहावं. मला आपलं असं वाटतं, की हत्ती, हरीण, मासा हे जसे आहेत तसे निसर्गाने केले. त्यांच्याकडे पाहून काही शिकता येतं. कुत्र्याचा स्वभाव मात्र त्याच्या एकट्याचा नाही, त्यात माणसाचा हात आहे. कुत्र्याकडे नीट पाहिलं की पलीकडे माणूसच दिसायला लागतो. यंदाच्या अंकासाठी हाच विषय घेतला आहे: कुत्र्यांच्या जाती, त्यांचे स्वभाव, आणि त्या स्वभावाची जबाबदारी नक्की कुणाची.

नोकरीत असताना कर्जवसुलीसाठी मालवण तालुका पायी, एस.टी.ने आणि पुढे स्कूटरवर पालथा घातला. आचरा, मसुरे, पोईप, कट्टा, चौके. घराच्या खळ्यात पाऊल टाकण्याआधी भेटायचा तो कुत्रा. हळूहळू माझा एक अंदाज बसत गेला. ज्या घरचा कुत्रा दोनदा भुंकून मालकाकडे बघतो, तिथे माणसं बोलायला बरी. ज्या घरचा कुत्रा बांधलेला, डोळे तांबारलेले, साखळी ताणून ताणून गळ्याचे केस गेलेले, तिथे बहुधा वादच वाट्याला यायचा. आणि "चावणा नाय हां तो, येवा तुम्ही" असं घरधनी आतूनच ओरडून सांगतो, तिथे हमखास फाटक धरून उभं राहावं. हे शास्त्र नव्हे, कारकुनाचा अनुभव आहे.

तेव्हा ही सगळी गावठी कुत्री. आता दिवस बदलले. धुरीवाड्यात, भरडावर, मेढ्यात फिरायला गेलं तर लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग, बीगल, पॉमेरियन अशी नावं कानांवर पडतात. (ज्याला आपण पॉमेरियन म्हणतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी तोच.) प्रत्येक जातीचा एक स्वभाव सांगितला जातो. लॅब्राडोर प्रेमळ, डॉबरमन कडक, पग आळशी. विकणारा तर लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं गुणवर्णन करतो. मला उत्सुकता वाटली म्हणून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता लक्षात आलं की प्रत्येक जातीच्या स्वभावामागे कुणाची तरी नोकरी आहे.

डॉबरमनचंच घ्या. जर्मनीत आपोल्डा नावाच्या गावी कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान नावाचे गृहस्थ होते. करवसुलीचं काम करीत, आणि गावच्या भटक्या कुत्र्यांचा कोंडवाडाही त्यांच्याकडे होता असं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. खिशात वसुलीचे पैसे, रस्ते आडवाटेचे, आणि कर देणाऱ्यांचं प्रेम तर सगळ्यांना ठाऊकच आहे. तेव्हा या गृहस्थांनी आपल्या सोबतीला धीट, सावध आणि अनोळखी माणसावर सहज विश्वास न टाकणारं कुत्रं हवं म्हणून निवडून निवडून जात तयार केली. जगात एवढे व्यवसाय आहेत, पण वसुलीच्या माणसाचं नाव कायमचं लागलेली कुत्र्याची जात ही एकच असावी. आम्हा बँकवाल्यांना याचा अभिमान वाटावा की लाज, हे मला ठरवता येत नाही. मात्र एक नक्की. डॉबरमन संशयी आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो संशय मुळात त्या वसुली कारकुनाचा आहे. कुत्र्याने तो वारशाने घेतला.

लॅब्राडोर हा तर आपल्यासारखाच किनाऱ्यावरचा. त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर असत. गार पाण्यात उडी मारायची, गळातून सुटलेला मासा, वाहून जाणारं जाळं तोंडात धरून आणायचं, आणि आणताना दात लावायचे नाहीत. पुढे इंग्रज शिकाऱ्यांनी त्यांना नेलं आणि पाडलेले पक्षी आणायला लावले. म्हणून त्याचं तोंड मऊ, म्हणून तो दिसेल ती चप्पल उचलून आणून देतो. आपण त्याला प्रेमळ म्हणतो, पण तो त्याची जुनी नोकरी करत असतो. आता त्याच्या हावरटपणाचं ऐका. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांमध्ये एका जनुकाचा छोटा तुकडा गळालेला आहे, आणि त्यामुळे त्यांची भूक भागल्याची जाणीव मंदावते. म्हणजे प्रसादाच्या ताटाकडे डोळे लावून बसलेल्या त्या गोजिरवाण्या प्राण्याला आपण "मेलो हावरो" म्हणतो, आणि त्याला खरोखरच पोट भरल्याचं कळत नसतं. हे वाचल्यापासून महाप्रसादाच्या पंगतीत चौथ्यांदा भात मागणाऱ्याकडेही मी जरा दयेने बघतो.

डॅशहुंड बिळात शिरून बिज्जूशी झुंजायला आखूड पायांचा केला. त्याने तुमच्या अबोलीच्या वाफ्यात खड्डा केला तर तो त्याचा कुळधर्म. जर्मन शेफर्ड १८९९ मध्ये एका निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने मेंढपाळांच्या कुत्र्यांतून उभा केला. रॉटवाइलर कसायांची गुरं हाकायचा. या सगळ्यांबद्दल जास्त लिहीत नाही, पुस्तकांत सापडेल.

पण आपल्या मराठी माणसाचाही यात हात आहे, तो सांगायला हवा. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान होतं घोरपड्यांचं. दख्खनच्या माळावर वाऱ्यासारखी धावणारी, बारीक कमरेची, लांब तोंडाची 'कारवान' कुत्री गुराखी-शिकाऱ्यांकडे होती. राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोपासना केली, इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना जोडी भेट दिली, आणि तेव्हापासून ती मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाऊ लागली. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं आहे. मी ते जपून ठेवलं आहे. हा कुत्रा वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. सशामागे एकदा सुटला की हाक ऐकू येत नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. लोक म्हणतात मुधोळ माणूसघाणा. माळावर दूरवर नजर लावून ज्याच्या शंभर पिढ्या गेल्या, त्याने दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांच्या मांडीवर का बसावं?

हे सगळं विनोदाने लिहिलं, पण यातून काय होतं ते आमच्या ओळखीच्या एका घरात पाहतो आहे. नवराबायको दोघं सत्तरी ओलांडलेली. मुलगा मुंबईत. त्याने हौसेने हस्की घेतला, वर्षभराने बदली झाली, आणि कुत्रा आला मालवणला आईवडिलांकडे. हस्की हा सैबेरियाच्या बर्फातला, चुकची लोकांच्या गाड्या ओढणारा. १९२५ साली अलास्कात नोम गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या पथकांनी हजार किलोमीटरहून अधिक अंतर बर्फातून पाळीपाळीने ओढत प्रतिविष नेलं आणि मुलं वाचवली. त्या जातीला आज आपल्या एप्रिल-मेच्या घामात ठेवायचं. अंगावर केसांचे दोन थर. एसीचं बिल कोण भरतो ते विचारू नका. आणि फिरायला नेलं की तो ओढतो. ओढणारच, तेवढ्यासाठीच तर त्याला घडवला. दुसऱ्या टोकाला आमचे गृहस्थ, दोन्ही गुडघ्यांनी अधू. पहाटे पाच वाजता, उन्हं यायच्या आत, ते त्याला चिवला किनाऱ्यावर नेतात आणि वाळूत बसूनच साखळी धरतात, म्हणजे पडायची भीती नाही. मुलगा फोनवर विचारतो, "ब्रूनो कसा आहे?" गुडघे कसे आहेत हे नंतर. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावोजी, घेवक सगळे येतत, सांभाळूक कोण नाय." कुत्रा दुष्ट नाही, मुलगाही दुष्ट नाही. पण तिघं जीव शिक्षा भोगताहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. दुसरी, स्वभावाला औषध नाही. दोन्ही म्हणी आपण सुनेबद्दल, जावयाबद्दल, शेजाऱ्याबद्दल वापरतो, आणि वापरून झाल्या की विषय संपवतो. तो तसाच, बदलायचा नाही, मग आपण काय करणार?

पण या वाकड्या शेपटाची हकिकत मोठी नवलाची आहे. रशियात नोवोसिबिर्स्क येथे १९५९ च्या सुमारास दिमित्री बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञांनी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. कातड्यासाठी पाळलेले ते रुपेरी कोल्हे माणसाला पाहून गुरगुरणारे. दर पिढीतले जे जरा कमी घाबरतात, कमी चावतात, तेवढेच निवडून त्यांची वीण वाढवायची. बाकी रंग, रूप, उंची काही पाहायचं नाही. त्यांच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी पुढे हे काम आयुष्यभर चालवलं. काही पिढ्यांतच कोल्हे माणसाला पाहून शेपूट हलवायला, हात चाटायला लागले. आणि कुणी मागितलेलं नसताना आणखी एक गोष्ट झाली. त्यांच्यातल्या काहींचे कान लोंबायला लागले आणि शेपट्या वळल्या. म्हणजे ज्या वाकड्या शेपटाला आपण न सुधारणाऱ्या स्वभावाची खूण म्हणून हिणवतो, ती माणसाळल्याची खूण निघाली! म्हण रचणाऱ्याने नळी आणली, शेपूट घातलं, पण ते वाकडं कुणामुळे झालं हे काही विचारलं नाही.

म्हणजे स्वभाव बदलतो, पण पिढ्यांनी. एका जन्मात काय? यावर २०२२ साली अमेरिकेत मोठं काम प्रसिद्ध झालं. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. निष्कर्ष असा, की एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. मालकाचं ऐकणं, वस्तू आणून देणं अशा गोष्टींत जात थोडी जास्त बोलते. पण कुत्रा किती लवकर चिडतो, अंगावर येतो, याबाबत जातीवरून जवळजवळ काहीच सांगता येत नाही. वर मी डॉबरमन, लॅब्राडोरच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या, त्या खोट्या नाहीत. पण त्या गोष्टी जातीच्या आहेत, तुमच्या दारातल्या त्या एका कुत्र्याच्या नव्हेत. कर्ज देताना आम्ही धंदा कोणता हे बघायचो, पण सही त्या माणसाची घ्यायचो. धंद्यावरून माणूस ओळखला असता तर थकबाकी कधी राहिलीच नसती.

'जात' हा शब्द मराठीत कुत्र्यालाही लावतात आणि माणसालाही, तेव्हा इथे थांबून बोलायला हवं. गुरुचरित्रातली सात रेघांची कथा पारायणात आपण वाचतो. श्रीगुरूंनी ज्याला रेघा ओलांडायला लावल्या, त्याच्याकडे लोक पहिल्या रेघेअलीकडे उभं राहूनच पाहत होते. पुढे त्याच्या अंगचं भस्म धुतलं गेलं आणि काय झालं तेही आपल्याला ठाऊक आहे. त्या भागाचा अर्थ लावण्याचा माझा अधिकार नाही. पण एक रेघ ओलांडली की माणूस वेगळा दिसतो, दुसरी ओलांडली की आणखी वेगळा, एवढं त्या कथेत स्पष्ट आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकात तर ज्ञानी माणूस ज्यांच्याकडे सारख्याच नजरेने पाहतो त्यांच्या यादीत कुत्रा नावानिशी आहे. अवधूताच्या यादीत नाही तो तिथे सापडला.

सरकारचाही जातीवर भरवसा. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवाइलर वगैरे २३ जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण संबंधितांशी सल्लामसलत केली नव्हती. माझं मत विचाराल तर झुंजीसाठीच तयार केलेल्या ताकदीच्या जाती हौसेने घेऊच नयेत. चिडण्याचा स्वभाव जातीवरून कळत नसेल, पण चिडल्यावर जबडा काय करू शकतो ते जातीवरून कळतं. धोका मोजताना दोन्ही बघावं लागतं.

हा विचार माझ्या मनात घोळायचं कारण गेल्या वर्षी आपल्याच देवळात घडलं. पुष्कळांना ठाऊक आहे. सप्ताह सुरू व्हायच्या चार दिवस आधी सभामंडपामागच्या मांडवसामानाच्या खोलीजवळ एका सहा वर्षांच्या मुलाला कुत्री चावली. पोटरीला. मुलाला लगेच रुग्णालयात नेलं, सगळी इंजेक्शनं वेळेवर पुरी केली, तो आता ठणठणीत आहे. पण त्या संध्याकाळी मंडळाची सभा तापली. कुणी म्हणालं, नगरपालिकेला सांगा. कुणी म्हणालं, टेम्पोत घालून कणकवलीच्या बाजूला सोडून या. एकाने तर उघडच "गोळी घाला खाण्यात" म्हटलं, आणि दत्ताच्या देवळात हे बोललो म्हणून स्वतःच कान धरले. "तिचो सभावच तसो," हे मात्र सगळे म्हणाले.

ती कुत्री सहा वर्षं देवळात आहे. कधी कुणावर गुरगुरलेली मी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत कनाती काढायला गेले, तेव्हा मागे पिल्लं निघाली. डोळे न उघडलेली. मुलाचा चेंडू तिथे गेला होता.

महाभारत आदिपर्वात पौष्य पर्वाच्या आरंभी एक छोटी कथा आहे. जनमेजयाचं सत्र चाललं होतं. सरमा या देवांच्या कुत्रीचं पिल्लू तिथे आलं, त्याला राजाच्या भावांनी मारलं. ते रडत आईकडे गेलं. आईने आधी त्यालाच विचारलं, तू काही केलं असशील. ते म्हणालं, मी हवीकडे पाहिलं नाही, चाटलंही नाही. मग सरमा सत्रात गेली आणि तिने राजाला कारण विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला व्यासांनी ही गोष्ट का घातली असेल? मला त्यातलं आईचं वागणं आवडतं. तिने आधी स्वतःच्या पोराची चौकशी केली, मग समोरच्याकडे जाब मागितला. आमच्या सभेत चौकशी दुसऱ्या दिवशी झाली, तीही कनाती हव्या होत्या म्हणून.

आपल्या शास्त्राप्रमाणे पशूंची योनी भोगयोनी. त्यांना नवं पापपुण्य जडत नाही, कर्माचा अधिकार माणसाला. म्हणजे कुत्री चावली त्याचं पाप कुत्रीच्या खाती पडत नाही. पण बँकेतला माणूस म्हणून मला एवढं ठाऊक आहे, की नावे टाकलेली रक्कम कुठल्या तरी खात्यात बसावीच लागते, ती हवेत राहत नाही. मुलाच्या पोटरीला दात लागले, त्याने रात्रभर ताप काढला, त्याच्या आईने पाच वेळा कामाचा खाडा केला. हे कुणाच्या नावे टाकायचं?

इथे कडू वाटेल असं लिहितो, क्षमा असावी. गुरुवारी आपल्या देवळात कुत्र्यांना बिस्किटं घालणारे निदान तीसजण येतात. श्रद्धेने येतात. वैश्वदेवात श्वानाचा वाटा काढायचा आपला जुना धर्म आहे, गाणगापुरी माधुकरीच्या वेळी देव कोणत्याही रूपाने येतो अशी श्रद्धा आहे, नामदेवांनी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. हे सगळं मान्य. पण आपण गुरुवारी बिस्किटं घालतो आणि घरी जातो. शुक्रवार ते बुधवार ती कुत्री काय करतात? तिला दरवर्षी पिल्लं होतात, ती कुठे जातात? तिला लस दिली आहे का? पुण्य आमच्या खाती जमा, आणि नावे त्या सहा वर्षांच्या पोराच्या खाती, अशी ही नोंद झाली. कोणताही तपासनीस ती पास करणार नाही.

स्वभावाला पोटाचीही जोड असते. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना बसलेली कुत्री पाहा, तारल्या-बांगड्यांच्या दिवसांत किती शांत. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, पर्यटक नसतात, हॉटेलं बंद. तीच कुत्री तेव्हा पिशवीवर झडप घालतात. दोन महिन्यांत त्यांची जात बदलत नाही.

आचऱ्याची गावपळण आपल्याला नवी नाही. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस सगळं गाव वेशीबाहेर राहुट्या टाकून राहतं, आणि जाताना गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं सगळी बरोबर नेतात. मागे कुणी ठेवायचं नाही. या प्रथेविषयी लोक नाना तर्क करतात. मला त्यातला हिशेब आवडतो. गाव म्हणजे कोण कोण, याची ती मोजणीच आहे, आणि त्यात कुत्रा मोजलेला आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात, की ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, नुसता निग्रह काय करणार. हा श्लोक मला फार वर्षं खटकायचा. मग उपदेश कशाला? पण लगेच पुढच्या श्लोकात सांगितलं आहे, की राग आणि द्वेष वाटेत उभे आहेत, त्यांच्या ताब्यात जाऊ नये. प्रकृती आपल्या हातात नसेल, ताब्यात जाणं न जाणं आहे. कुत्र्याला ही दुसरी सोय नाही. त्याच्या वतीने ती आपण वापरायची. आपण म्हणजे ज्याने विकत घेतला तो, आणि ज्याने गुरुवारी बिस्किट घातलं तोही. तीन आठवडे ते बारा आठवडे या वयात पिल्लू माणसांत, मुलांत, आवाजांत वाढलं तर पुढे भीत नाही, असं १९६५ सालीच अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर यांनी दाखवून दिलं आहे. भीती नसेल तर चावणंही कमी. ते आठ-नऊ आठवडे कुणी द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने आधी सगळी उचलून निवाऱ्यांत ठेवा असं सांगितलं, आणि अकरा दिवसांनी तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलून, निर्बीजीकरण आणि लस करून जिथली तिथे सोडा, फक्त पिसाळलेली आणि आक्रमक स्वभावाची सोडू नका, असं म्हटलं. म्हणजे तिथेही शेवटी प्रश्न स्वभावापाशीच आला. आक्रमक स्वभाव ठरवणार कोण? आमच्या कुत्रीला त्या संध्याकाळी कुणीही आक्रमकच ठरवलं असतं.

हे सगळं मी सभेत बोललो तेव्हा एक वयस्क भगिनी, ज्या दर गुरुवारी न चुकता येतात, मला म्हणाल्या, "माका भुकेलो जीव दिसता. तुझो हिशेब तू बघ." त्यांना मी उत्तर दिलं नाही. अजूनही त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. हिशेब बघून कुणी भाकरी घातली असती तर नामदेव धावलेच नसते. पण मुलाच्या आईलाही मला तोंड दाखवायचं होतं.

जाताजाता कामाचं. कुत्रा चावला, ओरखडला, जखमेवर चाटला तरी आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. पूर्ण पंधरा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची भरू नये. मग सरकारी रुग्णालयात जाऊन लस, आणि डॉक्टर सांगतील तितके डोस पुरे करावेत, बरं वाटलं म्हणून मधे सोडू नये. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ वाचत नाही. शेजारी गोव्यात गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लस दिली, आणि २०२१ साली त्या सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. गोवा काही लांब नाही.

आपल्या कुत्रीचं म्हणाल तर सप्ताह संपेपर्यंत खोलीला बांबू आडवे बांधले आणि मुलांना तिकडे जाऊ दिलं नाही. पाच पिल्लांतली तीन जगली. दोन घरी गेली, एक तिच्याजवळ आहे. फेब्रुवारीत तिची शस्त्रक्रिया करून घेतली, दोघांना लस झाली. बिस्किटांच्या जागी आता गुरुवारी एका डब्यात पैसे टाकायची सोय केली आहे, त्यातून रोजचा भात आणि सुकट येते. बिस्किटं आणणारे अजून आणतातच. मार्चअखेर जमाखर्च लिहायला बसलो, तेव्हा या खर्चाला खातं नव्हतं. कुणी 'श्वानसेवा' असं नवं खातं उघडा म्हणालं. मी नको म्हटलं, आणि रक्कम 'देवस्थान परिसर देखभाल' याखाली टाकली, दिवाबत्तीच्या खालच्या ओळीत.